बीडीव्ही ७० आला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे का?

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो. बडोद्याजवळच्या वाघोडिया जीआयडीसीतल्या (गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात १६०० केव्हीएचा, ११ केव्ही/४३३ व्होल्टचा, २०११ सालचा ट्रान्सफॉर्मर आहे. दर दिवाळीच्या सुट्टीत ठेकेदार येतो, तेल फिल्टर करतो आणि बीडीव्ही (किती व्होल्टेजला तेलात ठिणगी पडते तो आकडा) ६५-७० केव्ही आल्याचा कागद देऊन जातो. तिथे नव्याने रुजू झालेले मेंटेनन्स इंजिनिअर विचारतात, की एवढं पुरेसं आहे का? आणि डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) वगैरे तपासण्या करायच्या तर शेठना त्या खर्चाचं कारण काय सांगायचं?

एवढं पुरेसं नाही. ठेकेदार करतो ते काम चुकीचं आहे असं नाही, पण त्यातून ट्रान्सफॉर्मरची तब्येत कळत नाही. कळतं ते फक्त फिल्टर मशीन चांगलं चाललं एवढंच. ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य ठरतं ते वाइंडिंगवर (आतल्या तारांच्या वेटोळ्यांवर) गुंडाळलेल्या कागदावर. तेल उद्या नवीन भरता येईल, कागद मात्र कारखान्यात नेऊन अख्खी कॉइल नव्याने गुंडाळल्याशिवाय बदलता येत नाही. त्यामुळे मी प्रत्येक तपासणीकडे एकाच नजरेने पाहतो: यातून कागदाबद्दल काय कळतं?

बीडीव्हीत आपण काय करतो? तेलात २.५ मिमी अंतरावर दोन इलेक्ट्रोड ठेवतो, सेकंदाला २ केव्ही या गतीने व्होल्टेज चढवतो, ठिणगी कधी पडते ते पाहतो आणि सहा वेळांची सरासरी काढतो. त्या क्षणी त्या तेलात पाणी, धूळ, कागदाचे तंतू किती आहेत, याचा अंदाज त्यावरून येतो. तेल आंबट झालं आहे का, त्यात गाळ धरू लागला आहे का, आत कुठे काही तापतंय का, याबद्दल हा आकडा काहीही बोलत नाही. अ‍ॅसिड झालेलं जुनं तेलही गरम करून, व्हॅक्यूमखाली फिरवून गाळलं की ७० देऊ शकतं. शिवाय अनेक ठिकाणी नमुना टाकीतून न घेता मशीनच्या आउटलेटमधून घेतला जातो. मग तो रिपोर्ट मशीनचा झाला, ट्रान्सफॉर्मरचा नव्हे. चालू ट्रान्सफॉर्मरच्या तेलासाठी आयएस १८६६ या भारतीय मानकात ७२.५ केव्हीपर्यंतच्या वर्गाला ४० केव्हीच्या वर चांगलं, ३० ते ४० लक्ष ठेवण्याजोगं आणि ३० च्या खाली वाईट, असे टप्पे दिले आहेत. म्हणजे तुमच्या ट्रान्सफॉर्मरला ७० ची गरजच नाही. तुम्हाला हवा तो आकडा आहे फिल्टर करण्याआधीचा. वर्षभर चाललेल्या तेलाचा बीडीव्ही किती होता? नेमका तोच कुणी लिहून ठेवत नाही.

आता पाण्याचा हिशेब करू, म्हणजे मुद्दा पक्का बसेल. समजा तुमच्या टाकीत १२०० लिटर तेल आहे, म्हणजे साधारण १०५० किलो. त्यात २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) पाणी असेल तर ते होतं २१ ग्रॅम. आणि आत कागद, प्रेसबोर्ड मिळून समजा १०० किलो असेल आणि त्यात २ टक्के ओलावा असेल, तर ते पाणी झालं २ किलो. हे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुमच्या नेमप्लेटवरून तुमचे काढा, पण प्रमाण असंच निघेल. आतलं जवळजवळ सगळं पाणी कागदात मुरलेलं असतं. दिवाळीत एक दिवस मशीन लावून तुम्ही तेलातले पंधरा-वीस ग्रॅम काढता. पुढच्या काही आठवड्यांत कागद तेवढं पाणी पुन्हा तेलात सोडतो आणि तेल पहिल्या जागी येतं. म्हणून ‘दर वर्षी फिल्टर करतो तरी दर वर्षी बीडीव्ही उतरलेला असतो’ ही तक्रार ऐकली की माझी शंका तेलावर कधीच नसते. एक तर कागद ओला आहे, नाहीतर बाहेरून पाणी येतंय.

पीपीएमचा आकडाही एकटा वाचू नका. गरम तेलात पाणी जास्त विरघळतं. २० अंशांना तेल साधारण ५५ पीपीएम पाणी धरू शकतं, ६० अंशांना जवळपास २४०. म्हणजे २० पीपीएम हा आकडा ६० अंशांच्या तेलात अगदी किरकोळ, आणि तोच आकडा २० अंशांच्या तेलात एक तृतीयांशाहून जास्त भरलेलं भांडं. त्यामुळे नमुना घेताना तेलाचं तापमान बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसेल, तर पाण्याचा रिपोर्ट निम्मा वाया गेला. जानेवारीतल्या पहाटे, लोड नसताना, सुट्टीनंतर गार पडलेला ट्रान्सफॉर्मर सगळ्यात धोक्यात असतो तो यामुळेच. कागदातून तेलात आलेलं पाणी तेल गार झाल्यावर परत कागदात शिरायला वेळ लागतो आणि तोपर्यंत तेल ओलं असतं.

मग पाणी येतं कुठून? पहिला संशयित ब्रीदर, म्हणजे ज्यातून टाकी हवा आत-बाहेर घेते ती, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची डबी. सिलिका जेलचा रंग सगळेच पाहतात, पण तो कुठून बदलतोय ते फार कमी लोक पाहतात. हवा खालून, तेलाच्या कपातून आत येते, त्यामुळे जेल खालून वर बदलत गेलं पाहिजे. वरचा थर आधी गुलाबी झाला तर समजा की ब्रीदरच्या वरच्या जोडातून हवा आत शिरतेय आणि जेल नुसतं शोभेला आहे. कपात तेल नसेल तरी तेच, ओली हवा थेट जेलवर जाते आणि ते महिनाभरात संपतं. निळं जेल १२०-१३० अंशांवर भाजून पुन्हा वापरता येतं, त्यापुढे तापवलं तर निकामी होतं. माझं मत विचाराल तर आता नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते हाताळणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना बरं नाही.

आपल्या बडोद्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा अनेक ठिकाणी ट्रान्सफॉर्मर चौथऱ्यावर सुरक्षित होते, पण ब्रीदर टाकीच्या बाजूने खाली लोंबत असतो. पाणी कपापर्यंत पोचलं आणि त्याच वेळी वीज बंद करून ट्रान्सफॉर्मर गार व्हायला लागला, की आकसणारं तेल हवेऐवजी पाणीच ओढतं. केबल बॉक्स आणि मार्शलिंग बॉक्स (कंट्रोलच्या तारांची पेटी) तर त्याहून खाली असतात. तुमचा प्लॉट सखल असेल तर ब्रीदर, केबल बॉक्स यांची जमिनीपासूनची उंची आजच मोजून ठेवा. पाणी तिथवर पोचलं असेल तर ‘उन्हात वाळलं’ म्हणून चार्ज करू नका (वीज जोडू नका). आधी तळाचा तेलनमुना घ्या आणि मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्सची मोजणी) करा.

गास्केट, म्हणजे जोडांमधलं सील, दुसरा संशयित. तेल पाझरतं तिथून पाणी आत जात नाही, असा समज आहे. टाकीच्या तळाशी तो बराचसा खरा आहे, कारण तिथे तेलाचा दाब बाहेर असतो. पण कन्झर्व्हेटरच्या (टाकीवरच्या तेलाच्या छोट्या पिंपाच्या) वरच्या बाजूला, बुशिंगच्या (विजेची जोडणी टाकीबाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरच्या) माथ्याला, जिथे दाब जेमतेम असतो, तिथे सैल गास्केट पावसाचं पाणी आत घेतं. म्हणून गास्केट आणि ब्रीदरचं काम मे महिन्यात, जूनच्या आधी करायचं. ते दिवाळीवर ढकललं तर अख्खा पावसाळा तोंड उघडं राहतं.

आता नमुन्याबद्दल, कारण सगळी तपासणी इथे बिघडते. नमुना दिवाळीच्या सुट्टीत घेऊ नका, सुट्टीच्या आधी घ्या, ट्रान्सफॉर्मर लोडवर आणि गरम असताना. फिल्टर केल्यावर तर मुळीच नको, कारण व्हॅक्यूम मशीन पाण्याबरोबर विरघळलेले वायूही काढून टाकतं आणि वर्षभराची नोंद पुसली जाते. तळाचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी टाकीत दाब बाहेरच्या दिशेने आहे याची खात्री करा. आत ओढ असेल तर हवेचा बुडबुडा आत जाईल आणि तो बुशिंगपाशी जाऊन बसू शकतो. पहिलं लिटर-दोन लिटर वाहू द्या, ते व्हॉल्व्हच्या गळ्यातलं साचलेलं तेल असतं. डीजीएसाठी काचेची सिरिंज घ्या, तीन वाटांच्या कॉकसह, आणि आत एकही बुडबुडा राहू देऊ नका. बाकी तपासण्यांसाठी गडद काचेची किंवा धातूची, कोरडी, त्याच तेलाने विसळलेली बाटली घ्या. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत दिलेल्या नमुन्याचा रिपोर्ट मी वाचतही नाही. पाऊस पडत असताना नमुना घ्यायचा नाही. आणि तेल प्रयोगशाळेत लवकर पोचवा. आपलं नशीब असं, की मकरपुऱ्यात इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन, म्हणजे एर्डा, आहे आणि शहरात तेल तपासणाऱ्या इतरही मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत. वाघोडियाहून सिरिंज त्याच दिवशी पोचते. दूरच्या जिल्ह्यातल्या लोकांना हे सुख नाही.

तेलाच्या तपासणीत बीडीव्ही आणि पाण्यासोबत आम्लता आणि इंटरफेशियल टेन्शन (तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण) हे दोन मागून घ्या. तुमच्या वर्गाला आम्लता ०.१५ मिलिग्रॅम केओएच प्रति ग्रॅमच्या खाली असली तर ठीक, ०.३० च्या वर गेली तर तेल संपलं. साध्या, इनहिबिटर (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) नसलेल्या तेलाचं इंटरफेशियल टेन्शन २५ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या वर चांगलं, २० च्या खाली वाईट. हा दुसरा आकडा आम्लतेच्या आधी घसरू लागतो, म्हणून इशारा लवकर देतो. हे दोन्ही बिघडले असतील तर साधं फिल्टरेशन कितीही करा, आकडे सुधारणार नाहीत, कारण मशीन अ‍ॅसिड काढत नाही. तिथे फुलर्स अर्थ या शोषक मातीवर तेल पुनर्जीवित करावं लागतं, नाहीतर बदलावं लागतं. बदलताना जुनं तेल नुसतं काढून नवं भरलं तर कागदात मुरलेला चिकटा नव्या तेलालाही लवकर बिघडवतो. आतला भाग गरम नव्या तेलाने धुऊन घ्या.

डीजीएवर जरा थांबतो, कारण खर्चाचा प्रश्न तिथे आहे. आत कुठेही जास्त उष्णता किंवा ठिणगी झाली की तेल आणि कागद तुटतात आणि त्यातून वायू निघतात. कोणता वायू निघतो ते तापमानावर ठरतं. हायड्रोजन हा सौम्य विद्युत-विसर्जनातही निघतो. तापलेल्या धातूने तेल जळालं की इथिलीन वाढतं. अ‍ॅसिटिलीन येतं ते आर्क झाल्यावर किंवा सातशे-आठशे अंशांच्या वर. कार्बन मोनॉक्साइड कागदाकडे बोट दाखवतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर न उघडता, बंदही न करता, आत काय तापतंय ते कळतं. यासारखी तपासणी दुसरी नाही.

पण ती वाचायची कशी? पहिल्या रिपोर्टवरून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. पहिला रिपोर्ट हा पाया. दुसरा सहा महिन्यांनी घ्या आणि दोन्हींतली वाढ पाहा. १०० पीपीएम हायड्रोजन वर्षानुवर्षं तिथेच थांबलेला असेल तर चालतं. सहा महिन्यांत २० चे ९० झाले तर चालत नाही. मिशेल दुव्हाल यांचा त्रिकोण सर्रास वापरला जातो, मिथेन, इथिलीन आणि अ‍ॅसिटिलीन यांच्या टक्केवारीवर. त्याची एक खोड लक्षात ठेवा: तो नेहमीच काही ना काही दोष दाखवतो, कारण त्यात ‘ठीक आहे’ असा कोपराच नाही. वायू नेहमीच्या पातळीच्या वर गेले असतील किंवा वाढत असतील तेव्हाच त्रिकोण काढायचा. अ‍ॅसिटिलीनला मात्र अपवाद. ऑन-लोड टॅप चेंजर (चालू लोडवर टॅप, म्हणजे व्होल्टेजचा टप्पा, बदलणारं यंत्र) नसलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते दोन-तीन पीपीएम दिसलं तरी नमुना लगेच पुन्हा घ्या.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे हे कागदी वाटणार नाही. बीडीव्ही उत्तम, मेगर उत्तम, पण इथिलीन दर नमुन्याला चढत होतं, मिथेन त्याच्या मागोमाग, आणि कार्बन मोनॉक्साइड जागचं हललं नव्हतं. म्हणजे तेलातला धातू तापतोय, कागद अजून शाबूत आहे. शटडाऊन घेऊन प्रत्येक टॅपवर वाइंडिंग रेझिस्टन्स मोजला तेव्हा चालू टॅपवर एका फेजचा आकडा बाकी दोन फेजपेक्षा स्पष्ट जास्त निघाला. टॅप स्विचच्या त्या कॉन्टॅक्टवर कोळशाचा थर बसला होता. वर्षानुवर्षं एकाच टॅपवर राहिलेल्या स्विचला हे हमखास होतं. कॉन्टॅक्ट बदलले, तेल डीगॅस केलं, पुढच्या नमुन्यात इथिलीन स्थिर. तो दोष बीडीव्हीवर विसंबून राहिलो असतो तर बुखोल्झ रिलेने (आत वायू साचला की इशारा देणाऱ्या, ट्रिप करणाऱ्या उपकरणाने) सांगितला असता, तोही ट्रिप होऊन, ऐन उत्पादनाच्या वेळी. म्हणून तुमचाही ऑफ-सर्किट टॅप स्विच दर शटडाऊनला, दोन्ही बाजू बंद आणि अर्थ असताना, सगळ्या टॅपवर चार-पाच वेळा फिरवून घ्या. परत आधीच्या चालू टॅपवर आणल्यावर रेझिस्टन्स मोजल्याशिवाय चार्ज करू नका.

कागद किती उरला आहे याचा अंदाज फ्युरान (कागद झिजताना तेलात उतरणारी रसायनं) तपासणी देते. नव्या कागदाचा पॉलिमरायझेशनचा अंश (कागदातल्या रेणूंच्या साखळीची लांबी) हजार-बाराशेच्या आसपास असतो आणि दोनशेला आला की तो बोटाने चुरडतो. तुमच्या वयाच्या ट्रान्सफॉर्मरला ही तपासणी एकदा करून ठेवा, दर वर्षी नको. तेल बदललं असेल तर आधीचं फ्युरान तेलाबरोबर गेलं, हे प्रयोगशाळेला सांगा.

शटडाऊनमधल्या विद्युत तपासण्यांत क्रम महत्त्वाचा. आधी टर्न्स रेशो (दोन्ही वाइंडिंगच्या वेढ्यांचं प्रमाण) आणि मॅग्नेटिक बॅलन्स (एका फेजला दिलेलं व्होल्टेज बाकी दोन फेजमध्ये कसं वाटलं जातं), नंतर वाइंडिंग रेझिस्टन्स. रेझिस्टन्सला डीसी वापरतो, त्याने कोअर चुंबकित होतो आणि नंतर घेतलेलं मॅग्नेटिक बॅलन्स वेडंवाकडं येतं. मग विनाकारण घबराट होते. रेशो ०.५ टक्क्याच्या आत असावा. मॅग्नेटिक बॅलन्समध्ये मधल्या फेजला व्होल्टेज दिलं की बाजूच्या दोन्हींत जवळजवळ निम्मं-निम्मं दिसलं पाहिजे. ११ केव्ही बाजूला मेगर ५ केव्हीचा, एक मिनिट आणि दहा मिनिटं, आणि सोबत तेलाचं तापमान. दर १० अंशांना इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो, त्यामुळे तापमानाशिवाय मागच्या वर्षीशी तुलना करण्यात अर्थ नाही. बुशिंग आधी कोरड्या फडक्याने पुसा. ६६ केव्हीवर वीज घेणाऱ्यांनी कंडेन्सर बुशिंगचा टॅन डेल्टाही (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप) करावा, ११ केव्हीला ते लागत नाही.

एलटी, म्हणजे कमी व्होल्टेजची, बाजू दुर्लक्षित राहते, याचं मला खरंच वाईट वाटतं. १६०० केव्हीएला एचटीला (११ केव्ही बाजूला) फक्त ८४ अँपिअर, पण एलटीला २१३३. बुशिंगवरचा पाम कनेक्टर थोडा सैल असला तरी तिथे उष्णता होते, गास्केट कडक होतं आणि तेल पाझरू लागतं. लोक मग गास्केट बदलत राहतात. सुट्टीच्या आधी, पूर्ण लोडवर, थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढा आणि शटडाऊनमध्ये तेच जोड उघडून, साफ करून, टॉर्क रेंचने कसा.

बाकी पटकन. ओटीआय (तेलाचं तापमान दाखवणारं मीटर), डब्ल्यूटीआय (वाइंडिंगचं तापमान दाखवणारं मीटर) आणि बुखोल्झ यांचे ट्रिप खरोखर ब्रेकर पाडतात का, हे वर्षातून एकदा पाडून बघा, काटा हलला एवढ्यावर थांबू नका. बंद खोलीत ट्रान्सफॉर्मर असेल तर मे महिन्यात वरची गरम हवा बाहेर जाते का ते पाहा, कारण साध्या कागदाचा हॉट-स्पॉट ६ अंशांनी वाढला की झीज दुप्पट होते. नंदेसरीसारख्या रासायनिक पट्ट्यात बुशिंग आणि रेडिएटर जास्त वेळा धुवा. उत्तरायण झालं की डीपी (तारांचा दुहेरी खांब) आणि बुशिंगवर मांजा अडकलेला असतोच, तो १६ जानेवारीच्या आत काढा, अर्थात लाइन बंद करून.

आणि हे मात्र नीट वाचा. दिवाळीत वीज कंपनीची लाइन बंद आहे म्हणून ट्रान्सफॉर्मर मृत धरू नका. छतावर सोलर असतं, डीजी (डिझेल जनरेटर) असतो, शेजारच्या फीडरला जोडणारी बस-कपलर असते. एलटीकडून आलेलं व्होल्टेज एचटीला ११ हजार होऊन उभं राहतं. एचटी आणि एलटी दोन्ही उघडा, कुलूप लावा, टेस्टरने तपासा, डिस्चार्ज रॉड लावा आणि काम संपेपर्यंत दोन्ही बाजू अर्थ ठेवा. परमिट लेखी हवं. घाईत तोंडी ‘बंद आहे’ ऐकून चढलेली माणसं गेली आहेत.

शेठना खर्चाचं कारण असं सांगा. दर वर्षीचं फिल्टरेशन सरसकट करायचं नाही, तेलाच्या आकड्यांनी मागितलं तरच करायचं. त्यातून वाचलेल्या पैशांत वर्षातून दोन डीजीए आणि एक पूर्ण तेल तपासणी सहज बसते. शिवाय १६०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर अचानक गेला तर दुरुस्ती होऊन येईपर्यंत कारखाना किती दिवस डीजीवर चालेल आणि डिझेलला किती लागेल, हे त्यांना त्यांच्याच आकड्यांत काढून दाखवा.

यंदाच्या वर्क ऑर्डरमध्ये ठेकेदाराला चार गोष्टी लिहून द्या: फिल्टर लावायचाच झाला तर त्याआधीचा आणि नंतरचा बीडीव्ही, दोन्ही टाकीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून आणि तेलाच्या तापमानासह, प्रत्येक टॅपवरचा वाइंडिंग रेझिस्टन्स, दहा मिनिटांचा मेगर, आणि एलटी जोडांचे टॉर्क. डीजीएची सिरिंज तुम्ही स्वतः भरा, धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, कारखाना पूर्ण लोडवर असताना.